पाझर

एसिहात जुलैमध्ये टपाल
सकाळी साडेसहाला माझ्यासोबत निघतं.
दहाच्या आत संपलं नाही तर उरलेलं उद्यावर.
पत्रं कोण पाठवतं आता?
वीजबिलं असतात, दवाखान्याच्या तारखा,
आणि कुणा मेलेल्याच्या नावे
चष्म्याच्या दुकानाची सवलत.

माझ्याकडची गल्ली भट्टीची. नावच तसं.
कधीकाळी इथे पाव भाजायचे.
आता आम्ही राहतो.

पत्त्यांपेक्षा मी खिडक्या वाचते.
पहाटे पट्ट्यांचा पडदा वर, म्हणजे रात्र निभावली.
नऊला खाली, म्हणजे घर शहाणं आहे.
लेओकादिया उंबऱ्यावर ओलं फडकं पसरते
आणि आतूनच हुकूम सोडते:
"भिंतीकडेनं जा गं, सावली अजून फुकट आहे!"
सोळा नंबरची गरोदर पोर
पाय बादलीत सोडून बसलेली असते,
तिथूनच हात लांब करते.
बिलाला ओली बोटं उमटतात.

त्या गुरुवारी एकोणीस नंबरचा पडदा
साडेनऊला सताड वर.
ऊन आत शिरून पलंगावर बसलेलं.

एउफ्रासियो मोल्येदो, वय ब्याऐंशी.
चाळीस वर्षं कौलं भाजलेला माणूस.
"मला आगीचं काय सांगता?" म्हणायचा,
आणि पंख्याकडे पाठ करून जेवायचा.

दार वाजवलं. पुन्हा वाजवलं.
मग खांदा लावला.

तो खुर्चीत. अंगात लोकरी कोट.
मला बहिणीच्या नावानं हाक मारली, विचारलं,
भट्टी उघडली का, कौलं मोजली का.
मी मनगट धरलं:
तापलेलं, आणि कोरडं.
घामाचा एक थेंब नाही.

एकशे बारा. पडदा खाली. कोट काढला.
टेबलावरचं कापड नळाखाली धरलं,
मानेला, काखेत, जांघेत दाबलं,
आणि गल्लीभरची वीजबिलं हातात घेऊन
वारा घालत राहिले.
फोनवरची बाई दोनदा बजावत होती,
भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.
नाही घातलं.
त्याच्या कातडीला पाजलं.

टेबलावर त्याचा बोतिहो होता,
चोचीचा, कानाचा, मातीचा घडा.
सेव्हियाच्या भाचीनं हौसेनं रंगवलेला:
निळे पक्षी, वर चकचकीत रोगण.
ओतलं तर पाणी चहासारखं कोमट.
मातीची सगळी भोकं बुजलेली.
घडा घामेजला नाही तर गार कसा होणार,
हे त्या कौलवाल्याला मी काय सांगायचं?

गाडी चौदा मिनिटांनी आली.
त्या चौदा मिनिटांत मला
स्वतःची तहान आठवली नाही.
बाहेर आले आणि भिंतीला धरून
लेओकादियाच्या ओल्या फडक्यावरच बसले.
ती काही बोलली नाही. पेल्यात मीठ-साखर ढवळली,
घोटाघोटानं पाजली, गुरासारखी पिऊ नकोस म्हणाली.

अकराव्या दिवशी तो परतला,
रोडावलेला, आणि संतापलेला:
कडी कुणी मोडली?

ऑगस्टभर, ऊन उतरलं की,
अंगणात बसून तो पॉलिशपेपर घासायचा.
पक्षी एकेक करून भुकटी झाले,
फक्त कानाखालचा एक राहिला,
तिथे बोट जात नव्हतं.
एका सकाळी खिडकीतून घडा पुढे केला.
"हात लाव."
लावला. तळवा ओला झाला.
"पाझरतोय," तो म्हणाला,
आणि लगेच तोंड फिरवून खोकला.

पंखा आता सुरू असतो. त्यावर आम्ही बोलत नाही.
कडीचे मात्र साडेचौदा युरो झाले म्हणतो.
रोज सातला पडदा वर करून मागतो.
पैसे माझ्या खिशातच असतात.
उन्हाळा संपेपर्यंत
देणार नाही.